आंबेघोलचा पैरा

"आता शेवटचं सांगतो," निंबाळकर सर म्हणाले आणि फळ्यावर लिहिलेलं सगळं त्यांनी पुन्हा डस्टरनं पुसून टाकलं.

जिमखान्याच्या खोलीत आम्ही बाकड्यांवर, खिडकीत, कॅरमबोर्डावर जागा मिळेल तिथं बसलो होतो. आमची अकराची टीम आणि कोपऱ्यात हाताची घडी घातलेले आमचे बागवान सर. निंबाळकर सर विभागाचे क्रीडासचिव. शिकवायचे अर्थशास्त्र. फुटबॉलला त्यांचा पाय कधी लागला असलाच तर तो चालताना चुकून.

"तुमचे सगळे सामने संपले. यशोधन कॉलेजचा एक राहिलाय, उद्या दोन वाजता, आंबेघोलशी. तो त्यांनी जिंकला की तुमचे आणि त्यांचे गुण सारखे. तुमच्या दोघांतला सामना बरोबरीत सुटलाय. मग फायनलला कोण?"

"टायब्रेकर घ्या," दिग्या सरनाईक म्हणाला. दिग्या आमचा सेंटर फॉरवर्ड. "पाच पेनल्टी त्यांच्या, पाच आमच्या. संपला विषय."

कोल्हापुरात चड्डीतल्या पोरालाही हेच माहीत असतं. टाय झाला की टायब्रेकर.

"ते बाद फेरीत. ही साखळी आहे. साखळीत गोलफरक बघतात, मारलेल्यातून खाल्लेले वजा. तुमचा आहे दहा. त्यांचा चार."

"म्हणजे आम्ही," मी म्हणालो. मी कॅप्टन होतो.

"यशोधननं उद्या पाच गोलच्या फरकानं जिंकलं तरी तुम्हीच. सहाच्या फरकानं जिंकलं तर बरोबरी. सातच्या जिंकलं तर ते. हे झालं आंबेघोल आलं तर."

"आणि नाही आलं तर?"

"तेच सांगायला बोलावलंय. त्यांच्या प्राचार्यांचा निरोप आलाय. खेळाडू उपलब्ध नाहीत."

दिग्यानं मांडीवर थाप मारली. "मग झालं की. सामना नाही, गोल नाही. त्यांचे राहिले चार."

"नाही ना," निंबाळकर सर म्हणाले आणि हे म्हणताना त्यांना आनंद झाला, हे मी बघितलं. "एखादा संघ साखळी अर्धी सोडून गेला तर त्याचे सगळेच सामने झाले नाहीत असं धरायचं. म्हणजे तुम्ही त्यांना आठ शून्यनं हरवलंत, ते झालंच नाही. त्याचे गुण गेले, तरी गुणांत तुम्ही दोघं सारखेच. पण दहातून आठ गेले. तुमचे राहिले दोन. त्यांचे चार तसेच, कारण ते आंबेघोलशी खेळलेलेच नाहीत."

मग आमचा गोली म्हणाला, "सर, मी त्या मॅचला होतो. झाली होती ती."

"झाली होती. पण धरायची नाही."

"म्हणजे जे आलं नाही त्याला शिक्षा नाही आणि आम्हाला शिक्षा?"

"शिक्षा नव्हे. नियम." त्यांनी सायक्लोस्टाईल केलेले दोन कागद हलवून दाखवले.

मला तेव्हाही ते नीट कळलं नाही आणि आज पन्नाशी उलटल्यावरही मी ते दुसऱ्याला सांगायला गेलो की मध्येच अडकतो. एक मात्र कळलं होतं. फायनल बघायला पुण्याच्या एका कारखान्याची माणसं येणार होती. त्यांना आपल्या टीमला पोरं पाहिजे होती. खेळायचं आणि पगार घ्यायचा. माझं शेवटचं वर्ष होतं. घरात बाप गेलेला, मी थोरला, आणि पदवी अशी की ती दाखवून चहाच्या गाड्यावर उधारीसुद्धा मिळाली नसती. मला ती फायनल पाहिजेच होती.

बाहेर आल्यावर बागवान सर म्हणाले, "रघू, आंबेघोलला पहिली एसटी पाचला सुटते." आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. बास, तेवढंच.

सकाळी आम्ही आठजण गेलो. बाकीच्या तिघांना घरी सबब सांगायला जमलं नाही. घाटाच्या पायथ्याला गाव. कॉलेज म्हणजे पंचायतीच्या मागं पत्र्याच्या खोल्या, नवीनच निघालेलं. कॉलेजात शिपाई सोडून कुणी नव्हतं. तो म्हणाला, "पोरं गुऱ्हाळावर हायेत. डवऱ्याची पाळी लागलीया."

गुऱ्हाळ ओढ्याच्या पलीकडं होतं. ऊस पिळणाऱ्या चरकाचा आवाज लांबूनच येत होता. उकळत्या रसाच्या काहिलीखाली चिपाडं घालत एक पोरगा उभा होता, त्याला मी ओळखलं. लहू डवरी. आंबेघोलचा कॅप्टन. आमच्याशी खेळताना आठ गोल खाल्ल्यावरही हा प्रत्येकाशी हात मिळवून गेला होता, नि आमची पोरं मागून हसली होती.

"कॅप्टन?" तो म्हणाला. "गूळ न्यायला आलाय व्हय?"

"तुम्हाला न्यायला आलोय. आज मॅच आहे तुमची."

"कळीवलंय की आम्ही. येणं हुईत न्हाई म्हणून."

मी त्याला सगळं सांगितलं. निंबाळकर सरांनी सांगितलं होतं तसंच सांगायचा प्रयत्न केला. मध्ये दोनदा चुकलो. चुलीपुढून बाजूला होऊन त्यानं नीट ऐकून घेतलं.

"थांबा. म्हंजे आमी आज आलो न्हाई, तर तुमच्याकडनं आठ खाल्लं ते खोटं?"

"खोटं नाही. धरायचं नाही."

"आणि ह्यो?" त्यानं ओठ वर करून दाखवला. वरचा एक दात अर्धा तुटलेला. "ह्या तुमच्या गड्याच्या कोपरानं पडला. ह्यो धरायचा का न्हाई?"

दिग्या दुसरीकडं बघायला लागला.

"तो पण धरायचा नाही," मी म्हणालो. "नियमानं."

लहू हसला नाही. "लई बेस नियम हाय," म्हणाला.

त्याचा चुलता, ज्याला सगळे आप्पा म्हणत होते, काहिलीपाशी उकिडवा बसला होता. आज त्यांची गुऱ्हाळाची पाळी होती. दिवसभरात ऊस तोडून चरकाला दिला नाही तर पाळी पुढच्या माणसाची. मजूर कुठले मिळायला. म्हणून पैरा केला होता. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. पैशाचं नाव नाही, माणसाला माणूस द्यायचा. आंबेघोलची सगळी टीम एकमेकांच्या पैऱ्यात बांधलेली होती. चौघं गुऱ्हाळावर, सातजण उसात.

"सात आले तरी चालतात," मी लहूला म्हणालो. "सातच्या खाली गेलं तर रेफ्री खेळू देत नाही. सात द्या मला."

"सात दिलं तर ऊस कोण तोडंल?"

मी मागं बघितलं. माझ्याबरोबर सात पोरं उभी होती. त्यांनाही माझ्या आधी कळलं असावं, कारण दिग्या म्हणाला, "ए, ए, रघ्या. नाद करू नको."

"सातास सात," मी म्हणालो. "पैरा."

आप्पांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. दिग्याच्या अंगात नवा ट्रॅकसूट होता.

"ऊस तोडलाय का कवा?" त्यांनी विचारलं.

"खाल्लाय," दिग्या म्हणाला.

गुऱ्हाळावरची सगळी हसली. त्या हसण्यावरच आमचा सौदा झाला. आप्पा म्हणाले, "चौघं हितंच ऱ्हाऊ देत, काहिलीपाशी ह्यांचं काम न्हाई, पोळतील. उसातली सात ने. पर लहू, रान मोकळं झालं पायजे. तुझा शबुद."

"माझा न्हवं, कॅप्टनचा," लहू म्हणाला.

"माझा," मी म्हणालो. मी त्या घटकेला कशालाही हो म्हणालो असतो. लहूनं उसातल्या एकाला चुलीपुढं आपल्या जागी उभं केलं आणि बाकीच्या सहाजणांना हाक मारली.

मार्केट यार्डाला गूळ घेऊन निघालेल्या टेम्पोत मी, लहू आणि ते सहाजण मागं चढलो. ढेपांवर पोती टाकून बसलो. आंबेघोलच्या सहांपैकी दोघांकडं बूट नव्हते, ते अनवाणीच खेळायचे. अंगाला पाचट चिकटलेलं, हातांवर उसाच्या पाल्यानं कापलेल्या रेघा.

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. "कुणी पुढं जायचं नाही. सातच्या सातांनी गोलपुढं भिंत करायची. बॉल आला की लाथ मारून बाहेर. थ्रो घ्यायला वेळ लावा. पडा, झोपा, लेस बांधा."

"बूट न्हाईत," एकजण म्हणाला.

"मग काटा काढा. पाच गोल झाले तरी चालतील. सहावा नको."

"पाच चालतील," लहू म्हणाला.

"पाच चालतील."

"आणि आमी मारला तर?"

"काय?"

"गोल. आमी एखादा मारला तर कसं धरत्यात?"

मला हसू आलं. पूर्ण हंगामात आंबेघोलनं एकही गोल मारला नव्हता. मारायला ती हाफलाईनच्या पुढं आलीच नव्हती. "मारला तर चांगलंच आहे. एक वजा होतो. पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका, भावा. मागं उभं राहायचं, एवढंच काम."

लहूनं मान हलवली. कशासाठी हलवली ते मी विचारलं नाही.

मैदानावर यशोधनची पोरं आम्हाला बघून गप्प झाली. आंबेघोल येणार नाही म्हणून ती जिंकल्यासारखीच आली होती, एकाच्या गळ्यात हारसुद्धा होता. निंबाळकर सरांनी सातजण मोजले, मग रेफ्रीनं मोजले.

पहिल्या हाफमध्ये यशोधननं दोन मारले. सातजणांनी मी सांगितलं तसंच केलं. लहूनं तर एक बॉल तोंडावर घेतला. मी कडेनं पळत होतो आणि ओरडत होतो, दुसऱ्याच्या टीमसाठी. "झोप, झोप. बाहेर मार." लोकांना वाटलं असेल मीच आंबेघोलचा मास्तर आहे. बागवान सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"आपली बाकीची पोरं कुठं आहेत?"

"उसात आहेत, सर."

ते घड्याळ बघायला लागले.

दुसऱ्या हाफमध्ये आंबेघोलची पोरं दमली. तिसरा, चौथा, पाचवा. पाचवा झाला तेव्हा वेळ थोडाच राहिला होता. मी लहूला पंजा दाखवला, बास म्हणून. त्यानंही पंजा दाखवला. मग यशोधनच्या एका बॅकनं घाईत बॉल आपल्याच गोललाईनच्या बाहेर घालवला, आणि आंबेघोलला कॉर्नर मिळाला.

लहूनं हात वर करून सगळ्यांना हाक मारली. सगळे म्हणजे सगळे. त्यांचा गोलीसुद्धा गोल मोकळा टाकून पळत निघाला.

"मागं," मी ओरडलो. "ए, मागं फिरा. लहू. अरे गोल मोकळाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. ऐकू गेलं होतं त्याला. तो बॉक्समध्ये जाऊन उभा राहिला.

कॉर्नर त्यांच्या बॅकनं डोक्यानं उडवला, आणि यशोधनचा एकजण मोकळ्या मैदानातून आरामात पळत गेला. सहावा. म्हणजे बरोबरी.

सेंटर झाला. मी म्हणालो आता तरी थांबतील. सातजण पुन्हा पुढं. बॉल मध्येच गेला. सातवा. म्हणजे आम्ही बाहेर. यशोधनवाल्यांनी नाचायला सुरुवात केली. मी खाली बसलो. त्या कारखान्याच्या नावाला मी शिवी दिली, मग लहूला, मग निंबाळकर सरांना, आणि बागवान सर जवळ असूनही हळू आवाजात दिली नाही.

पुन्हा सेंटर. यशोधनची निम्मी पोरं अजून एकमेकांच्या गळ्यात होती. अनवाणी पोरानं बॉल लांब मारला, लहू त्याच्यामागं पळाला. त्यांचा गोली बाहेर आला. दोघं आदळले. बॉल दोघांच्या मधून हळूहळू, अगदी म्हातारा माणूस रस्ता ओलांडतो तसा, लाईनच्या आत गेला.

आंबेघोलचे सातजण एकमेकांवर पडले. ओरडलं कुणी नाही. नुसते पडले, आणि उठेनात. रेफ्रीला शेवटची शिट्टी वाजवायला त्यांच्यापाशी जावं लागलं.

सात एक. मी बोटांवर मोजलं. सहाचा फरक. दहा आणि दहा. मला आनंद व्हायला पाहिजे होता का, तेच कळेना. यशोधनची पोरंही नाचायची थांबून मोजत होती.

"बरोबरी," निंबाळकर सर म्हणाले. "संपूर्ण बरोबरी. थांबा हं." त्यांनी कागद काढले.

"जास्त गोल कुणी मारलेत बघा," बागवान सर म्हणाले. "आमचे जास्त आहेत."

"कुठं लिहिलंय?" यशोधनचे सर म्हणाले. "दाखवा कुठं लिहिलंय."

निंबाळकर सरांनी दुसरा कागद उलटा केला. मागं कोरा. "गोलफरकही समान असल्यास," त्यांनी पुन्हा वाचलं, "आणि पुढं... पुढचं पान दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"माझ्याकडं दोनच पानं आली होती."

दोन पानांवर जो आमचे आठ गोल पुसायला निघाला होता, त्याच्याकडं तिसरं पान नव्हतं. मी हे त्यांना तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, भाषा नीट ठेव, आणि चिठ्ठी टाकायचं ठरवलं. रेफ्रीच्या टोपीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. काढणार कोण? दोन्हीकडचा नको. त्रयस्थ पाहिजे. त्यांनी लहूला बोलावलं.

लहूचा ओठ फुटला होता. त्यानं रक्ताचा हात चड्डीला पुसला, टोपीत घातला, चिठ्ठी काढली आणि न उघडता निंबाळकर सरांना दिली.

"यशोधन," सर म्हणाले.

आंबेघोलच्या एसटीत लहू माझ्याशेजारी बसला. बाकीचे सहाजण मागच्या बाकड्यावर तोच गोल पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि दर वेळी तो आणखी लांबून जात होता. मला राहवेना.

"का गेलास वर?"

"कॉर्नर हुता."

"पाचवर थांबायचं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं हुतं." तो जिभेनं ओठ चाचपत म्हणाला. "सकाळी तुमीच सांगिटलं न्हवं, आमी न्हाई आलो तर सगळं झालंच न्हाई असं धरत्यात. मी टेम्पोत इचार करत हुतो. आठ खाल्लं, पाच खाल्लं, ते सगळं तुमच्या आन त्यांच्या खात्यावर. आमचं काय? एक गोल असला म्हंजे कुणाला म्हणता येत न्हाई, ही आलीच न्हवती."

"माझी नोकरी होती त्यात," मी म्हणालो.

तो वळला. "हे सकाळी न्हाई बोलला तुमी."

मी बोललो नव्हतो, खरं आहे.

"बोललो असतो तर थांबला असतास?"

कंडक्टर आला, तिकिटं झाली. मग लहू म्हणाला, "सांगता येत न्हाई. आमचा कॉर्नर पैलाच हुता."

आंबेघोलला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. गुऱ्हाळावर आमची सातजणं चिपाडाच्या ढिगावर आडवी पडली होती. तोंडं काळी, हात फाटलेले. दिग्याच्या ट्रॅकसूटची एक बाही नव्हती. आम्हाला बघून तो उठला.

"किती?"

"सात एक."

"सात खाल्ले?" तो लहूकडं गेला. "सात? लगा, आम्ही इथं तुमच्या उसात मेलो, आणि तुम्ही उभं राहून सात खाल्ले?"

"दिग्या, बस खाली," मी म्हणालो. "सहाचा फरक झाला. बरोबरी. चिठ्ठीत गेलो."

"आणि एक कुणी मारला?"

"मी," लहू म्हणाला.

आप्पा काहिलीपासून उठले. "काय मारलं?"

"गोल, आप्पा."

"मग जिकला व्हय?"

"न्हाई. हारलो."

"आन ही पोरं?" त्यांनी आमच्याकडं बोट केलं.

"ती हरली न्हाईत. पर गेली."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी हे समजावून सांगीन म्हणून. मी नाही सांगितलं. लहू आमच्यातून वाट काढून रानाकडं गेला, बांधावर उभा राहिला. मीही मागं गेलो. पलीकडं निम्म्याहून जास्त ऊस तसाच उभा होता. तोडलेल्या भागात गुडघ्याला लागतील एवढे बुडखे ठेवलेले.

"रान मोकळं झालं न्हाई," तो म्हणाला.

"पोरांना सवय नाही."

"व्हय. दिसतंय." तो उसाकडं बघत म्हणाला, "आप्पाची पाळी आता आइतवारी लागंल. पैरा राहिलाय तुमचा, कॅप्टन."

"रविवारी फायनल आहे."

"तुमची हाय का?"

मागं दिग्या अजून कुणाला तरी शिव्या देत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग या."

रविवारी पाचच्या एसटीनं आम्ही गेलो. अकराच्या अकरा.